चार इंच वर

माझ्या थोरल्या बहिणीचं नाहूरला केटरिंग आहे. स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिचा गाळा. आत चार शेगड्या, तीन मावश्या, आणि दारात एक पांढरी पिकअप. त्या पिकअपचा मी प्रमुख होतो. कार्डावर 'डिलिव्हरी मॅनेजर' असं छापून घेतलं होतं. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं आणि गाडी मीच चालवायचो, पण त्याला ड्रायव्हर म्हणतात हे कार्डावर छापायची काही गरज नव्हती.

त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी होतं. कोणी ट्रेकिंगला लागतो, कोणी केस काळे करतो. मला गाडी उंच करावीशी वाटली. झालं असं, की जुहूला एका बंगल्यावर बारशाचं जेवण पोचवायला गेलो होतो. फाटकासमोर एक काळी पिकअप उभी होती, टायर माझ्या मांडीपर्यंत. तिचा मालक त्यातून उतरला नाही, अवतरला. मी तेव्हा दोन्ही हातांत श्रीखंडाचे डबे घेऊन उभा होतो.

त्या दिवसापासून मी मोबाइलवर लिफ्ट किटचे व्हिडिओ बघायला लागलो. त्यात लोक उंच केलेल्या गाड्या घेऊन वाळवंटात जायचे, दगडांवर चढायचे. नाहूर ते घाटकोपर या रस्त्यावर वाळवंट लागत नाही ही गोष्ट मला फारशी अडचणीची वाटली नाही.

ताईला सांगितलं, "इस्टेटच्या गेटवरचा स्पीडब्रेकर गाडीला खालून घासतो. थोडी वर उचलून घेतो."

"घासतो कुठे? मी रोज बघते."

"बघून कळत नाही ते. चालवणाऱ्याला कळतं."

दूध नासलंय का हे बघताना ती पातेल्यात जशी बघते, तशी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "सोमवारी सकाळी सहाला गाडी दारात हवी," एवढंच म्हणाली.

गॅरेज अंधेरीला, साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत होतं. मालकाने गॉगल कपाळावर चढवलेला, आणि तो गाडीकडे असा बघत होता जसं स्थळ बघायला आलाय. म्हणाला, "मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे टाकू, पुढे स्पेसर, शॉकअप लांबवाले, टायर मोठे. चार इंच वर जाईल. मग बघ रोडवर कसा रिस्पेक्ट मिळतो ते." गाडीतून काय वाहतोस हे त्याने विचारलं नाही, आणि मी वरण-भात सांगितला नाही. उगाच दोघांचाही मूड गेला असता.

रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन निघालो. रिक्षांचे टप वरून कसे दिसतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांना ठिगळं असतात. बाकी काही फरक पडला नाही, पण मी मान जरा ताठ करून बसलो होतो.

सोमवारी सहाला गाडी दारात लावली. आमच्या तिघी मावश्यांत सगळ्यात मोठी सावंतवाडीकडची, साठीला टेकलेली, चणीने बुटकी. नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर हिने घर ओढलं. ती आणि दुसरी मावशी वरणाचा टोप दोन्ही कानांना धरून बाहेर आल्या आणि गाडीपाशी थांबल्या. गाडीची मागची फळी पूर्वी मोठ्या मावशीच्या कमरेच्या जरा वर यायची. आता ती छातीला आली होती.

"ह्या काय रे?" तिने विचारलं.

"गाडी वर केली, मावशी. लिफ्ट किट बसवलंय."

टोप खाली ठेवून तिने वाकून गाडीखाली बघितलं. मग डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं. "लिफ्ट खंय आसा?"

"तशी लिफ्ट नाही गं. नुसती गाडी वर जाते."

"नि टोप?"

यावर काही व्हिडिओ नव्हता.

"मगे तूच चढव," ती म्हणाली. "माजी कंबर गॅरेजात उचलून मिळणा नाय." दोघी आत निघून गेल्या. ताईने आतून सगळं ऐकलं असणार. ती पळ्या मोजत राहिली.

त्या दिवशी अकरा भांडी मी एकट्याने चढवली. भाताचा टोप किती जड असतो हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, कारण मी मॅनेजर होतो. तिसऱ्या भांड्याला पाठ बोलायला लागली आणि सातव्याला मीही तिच्याशी बोलायला लागलो.

पुढच्या आठवड्यात घाटकोपरला एका हॉलवर साखरपुड्याची ऑर्डर होती. उंच गाडी वळणावर डुलते, हे गॅरेजवाल्याने 'फील' या शब्दात बसवलं होतं. कढीला तो फील पहिल्या सिग्नलपासूनच आला. हॉलचं स्वयंपाकघर तळघरात, आणि खाली जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी वर आडवी पिवळी लोखंडी दांडी. तिच्याखालून मी कित्येकदा गेलो होतो, म्हणून त्याही दिवशी गेलो. गाडीवरच्या ताडपत्रीचा सांगाडा दांडीवर आपटला आणि गाडी तिथेच अडकली.

वॉचमन शांतपणे चालत आला. "गेल्या महिन्यात तर आत गेली होती ना?"

"तेव्हा खाली होती."

"मग वर कशाला केली?"

एवढा सोपा प्रश्न मला त्याआधी कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. गाडी मागे घेतली आणि सगळी भांडी उतारावरून हाताने खाली नेली. कढी अर्धीच उरली होती, बाकीची गाडीच्या फळीवरून टपटप रस्त्यावर पडत होती. हॉलवर आधीच पोचलेल्या ताईने उरलेल्या कढीत ताक आणि बेसन घालून ती पुन्हा उकळायला ठेवली. "कोणी विचारलं तर सांगेन," ती ढवळता ढवळता म्हणाली, "आमच्या मॅनेजरांनी कढी बाहेरच वाढली."

एवढं होऊनही मी किट काढलं नाही. माणूस आपल्या चुकीला जेवढा जपतो तेवढा आईबापांना जपत नाही.

मग एका गुरुवारी शेजारच्या गाळ्यातल्या छपाईवाल्याला गाडी बघायची हौस आली. खूप दिवसांनी कोणीतरी विचारलं होतं. मी पुढच्या चाकाशी उकिडवा बसून त्याला स्पेसर दाखवत होतो. ऑर्डरला उशीर होत होता. ताईने मला दोनदा हाक मारली, मी दोनदा "आलो" म्हणालो. मग मागून टोप पडल्याचा आवाज आला.

धावत गेलो. मटकीची उसळ रस्त्याभर पसरली होती आणि मोठी मावशी पायरीवर बसून उजवा खांदा धरून होती. तोंड पांढरं पडलं होतं. ताईने आणि तिने मिळून टोप वर घ्यायचा प्रयत्न केला होता.

"उसळ गेली," मावशी म्हणाली. खांद्याबद्दल काही बोलली नाही.

डॉक्टरांनी महिनाभर काही उचलायचं नाही म्हणून सांगितलं. ताई मला एक शब्द बोलली नाही. एरवी कोथिंबीर जून निघाली तरी ती मला सुनावते. संध्याकाळी गाळा बंद करताना एवढंच म्हणाली, "उद्या तिच्याकडे डबा घेऊन जा. गाडी नेऊ नकोस."

मावशी भांडुपला टेकडीवर राहते. पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. ती हात गळ्यात अडकवून दाराशी बसली होती. मी म्हटलं, "मावशी, चूक झाली माझी. उद्याच काढून टाकतो ते किट."

"काढ," ती म्हणाली. "पण पयली गाडी तरी माका खंय कमी उंच होती? बारा वर्सां उचलतंय. ह्या खांद्याक कितीदा तेल लावन निजलंय."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"कोणी इचारूक नाय."

इतका वेळ मी सांत्वनाची दोन-चार वाक्यं तोंडात घोळवत होतो. ती गिळली. मग विचारलं, "काय केलं तर बरं पडेल तुला?"

तिला विचार करावा लागला नाही. बारा वर्षांत तो करून झाला असावा. शेगडीच्या उंचीची, हाताने ढकलायची चाकांची गाडी करायची, म्हणजे टोप शेगडीवरून सरळ तिच्यावर सरकवता येईल. आणि दारापासून पिकअपपर्यंत पत्र्याचा उतार, म्हणजे चाकांची गाडी टोपासकट ढकलत वर नेता येईल. "पण तुजी गाडी खाली आसली तरच," ती म्हणाली. "नायतर उतार नाय, कडो होतलो."

गॅरेजवाल्याला माझं परत येणं नवीन वाटलं नाही. "काढायचंय? आरटीओच्या पासिंगला असं चालतच नाही, तेव्हा तसंही काढायलाच लागलं असतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला, आणि जॅक लावायला वाकला.

चाकांची गाडी आणि उतार मी मुलुंडच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. पहिला उतार फार उभा झाला, तो ताईने परत पाठवला. दुसरा ठीक झाला. तोवर रोजची भांडी मीच चढवत होतो, आणि कोणी मला मॅनेजर म्हणून हाक मारली तर ताई हसायची.

महिन्याने मावशी आली. चाकांच्या नव्या गाडीचा एक कोपरा हाताने हलवून बघितला, एका चाकाची किरकिर ऐकून तेल घालायला सांगितलं. मग भाताचा टोप डाव्या हाताने शेगडीवरून सरकवला आणि दुसऱ्या मावशीने तो ढकलत उतारावरून वर नेला. खाली एक शीतही सांडलं नाही. मला वाटलं, आता मावशी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणेल. मी जरा पुढेसुद्धा सरकून उभा राहिलो.

तिने पदर खोचला आणि ती बटाटे सोलायला बसली.