लाव्हा येण्याआधी पुसलेलं घर

"बूट बाहेर काढ," लेइलानी आंटी म्हणाल्या. हातात ओलं फडकं.

मी दारातच थिजले. मागे पपईच्या झाडांपलीकडे लाव्हा सरकत येत होता. मी त्यांना घराबाहेर काढायला आले होते, आणि बाई जमीन पुसत होत्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट, हवाई बेटावरची. ज्वालामुखीशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही हो. तिथल्या ज्वालामुखी वेधशाळेत टायपिस्ट म्हणून लागले, रिपोर्ट टाइप करता करता शिकले. पुढे डोंगराखालच्या वस्त्यांत जाऊन लोकांशी बोलायचं काम माझ्याकडेच आलं. तिथे मोठ्या बायकांना सगळे आंटी म्हणतात, आपल्या काकूंसारखं, आणि ज्वालामुखीच्या देवीला पेले.

लाव्हाच्या पुढच्या कडेला आम्ही 'फ्रंट' म्हणायचो. आमचा फ्रंट गोगलगाईच्या चालीचा. चालत निघालं तरी माणूस सुटतो. धोका वेगळाच. लाव्हाखाली गाडलेली झाडं जळतात, त्यांचा गॅस साठतो आणि फ्रंटच्या पुढची जमीन अचानक फुटते.

रेडिओवर टॉम, माझा बॉस. "निघालात?"

"बाई घर पुसतायत."

"काय करतायत?"

"पुसतायत. खिडक्या झाल्या."

"त्यांना सांग, तासाभरात ते घर जळणार आहे."

सांगितलं. आंटींनी फडकं पिळलं. "ठाऊक आहे गं. पेले येतेय. जमीन तिचीच, आम्ही नुसती वापरली. देवीला घाणेरडं घर द्यायचं? तुझ्याकडे पाहुणे येणार म्हटल्यावर तू झाडत नाहीस?"

"माझे पाहुणे घर जाळत नाहीत, आंटी."

"नशीब तुझं."

तेवढ्यात अंगणात धाडकन आवाज झाला. पपईच्या बुंध्याशी जमीन उकलली होती. आंटींनी नुसती मान वर केली.

"अर्धी खोली राहिलीय."

मग मी काय करावं? बूट काढले, दुसरं फडकं उचललं आणि गुडघ्यांवर बसले. आजही माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. पुसून झाल्यावर आंटींनी टेबलावर फुलं ठेवली, दार उघडंच ठेवलं आणि माझ्या जीपमध्ये बसल्या. मी अनवाणीच गाडी काढली.

वरच्या रस्त्यावरून पाहिलं. आधी पायऱ्या पेटल्या, मग घर. आंटी एवढंच म्हणाल्या, "स्वच्छ गेलं."

टॉमने मला झापलं, ते बरोबरच होतं. पण त्यानंतर वस्ती रिकामी करायची सूचना आम्ही एक दिवस आधी द्यायला लागलो. लाव्हाचा वेग आम्ही नीट मोजत होतो. घर पुसायला लागणारा वेळ तेवढा धरला नव्हता.