झाकणाच्या आतलं नाव

चहा उभ्यानेच प्यायचा. सिगारेट कानावर ठेवायची, पेटवायची नाही. कुणाच्या घरात शिरलं की आधी पूर्वजांच्या नावाच्या पाटीला मान लववायची, मग माणसांशी बोलायचं. पावसात छत्री असली तरी वहीच झाकायची. थिनसेन गुरुजींच्या या सवयी लिआव कुळाच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होत्या.

गावचा वंशग्रंथ नव्याने लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. अडलं होतं एकाच ठिकाणी. कुळाच्या दोन शाखा होत्या, वरचं घर आणि खालचं घर. वरचं घर म्हणायचं, मूळपुरुष डोंगर ओलांडून इथे आला तेव्हा खालच्या घराचा पूर्वज त्याचं ओझं वाहणारा गडी होता. लिआव हे आडनाव त्याने मागून लावलं. म्हणून खालच्या घरच्या मेलेल्यांच्या पाट्यांना कुलमंदिरात जागा नव्हती. गुरुजी वरच्या घरातले.

त्या हिवाळ्यात रस्त्यासाठी मूळपुरुषाची कबर हलवावी लागली. आत अस्थींचे दोन रांजण निघाले. हाडांना ऊन लागू नये म्हणून वर काळी छत्री धरली. मेलेल्याचं नाव झाकणाच्या आतून लिहायची रीत. पहिलं झाकण उघडलं. मूळपुरुषाचं नाव होतं.

"दुसरा तसाच उचला," कुळाचा प्रमुख क्वोफुक म्हणाला. "गड्याच्या हाडांचे कसले लाड?"

"लाड नकोत, भावजी," खालच्या घरची सिउलान म्हणाली. "नाव तेवढं वाचा."

"बायकांनी कबरीपाशी जीभ आवरावी."

"आवरते की. सासूची पाटी चुलीमागे ठेवलीय, मांजराशेजारी. तिला मंदिरात जागा द्या, मग बघा कशी मुकी होते."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

गुरुजी गुडघ्यांवर बसले. क्वोफुक त्यांच्या कानाशी वाकला. "थिनसेन, शाई उडालीय म्हण. तुझा बापही वरच्या घराचाच."

गुरुजींनी दुसऱ्या रांजणाचं झाकण उलटं केलं. बाहीने त्यावरची माती पुसली.

"'थोरले बंधू लिआव चुनहिन,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "'धाकट्याने स्वहस्ते लिहिलं.'"

धाकटा म्हणजे मूळपुरुष, वरच्या घराचा; थोरला खालच्या घराचा.

"पुन्हा वाच," क्वोफुक म्हणाला.

"शंभरदा वाचेन, दादा. तेच आहे."

"ग्रंथात हे आलं, तर वर्गणी कोण देईल? छापणार कोण?"

"छापणं तुमचं काम. लिहिणं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिउलान गुरुजींच्या घरी नावं सांगायला आली. खालच्या घराच्या अकरा पिढ्या तिला पाठ होत्या. ती सांगत होती, गुरुजी लिहीत होते. बाहेर ओट्यावर क्वोफुकची माणसं येऊन बसली. आत कुणी आलं नाही, उठूनही कुणी गेलं नाही. आठव्या पिढीला गुरुजी थांबले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "जरा सावकाश, वहिनी."

ती थांबली. त्यांनी डोकं टेबलावर टेकलं, ते पुन्हा उचललं नाही.

वही मी पाहिली आहे. आठव्या पिढीतलं तिसरं नाव अर्ध्यावर आहे. सिउलानची सासू दहाव्या पिढीत होती.