टायपिस्ट बाईंचा आडोसा

"साहेब, छत्री," एवढेच त्या म्हणत आणि मी उठत असे.

कोल्हापुरात कचेरीच्या आवारात मी अर्ज लिहितो. शेजारच्या टेबलावर या बाई टाइपरायटर घेऊन बसत. मजकूर माझा, टंकलेखन त्यांचे. आवारात मला साहेब म्हणणारी ती एकच व्यक्ती होती, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

बाईंना तरुणपणापासून मधुमेह. डबा उघडण्यापूर्वी पोटात इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागे. आवारात स्त्रियांना आडोसा असा नव्हताच. आमच्या मागे कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी सांद होती. बाई तिच्यात शिरत आणि मी सांदीकडे पाठ करून, छत्री पाठीशी उघडी धरून उभा राहत असे. पक्षकार विचारत, "काय पावणं, ऊन मागनं लागतंय व्हय?" मी ऐकले नसल्यासारखे दूर पाहत असे. शेवटी आतून आवाज येई, "झालं बघा." मग आम्ही आपापले डबे उघडत असू.

पुढे बंगळूरच्या भावाने त्यांना इन्सुलिनचा पंप आणून दिला. कमरेला खोचायची लहानशी डबी आणि पोटावर चिकटवलेली बारीक नळी. औषध दिवसभर थेंबथेंब आपोआप जाई. जेवणापूर्वी बटण दाबले की झाले. "सुटलासा साहेब तुम्ही," त्या म्हणाल्या. मी छत्री घरी ठेवून दिली.

बाई मात्र सुटल्या नव्हत्या. सुई टोचून पिशवीत लपवता येत होती. पंप अंगावरच राही. लोकांना तो मोबाइल वाटे. त्या काळी मोबाइल म्हणजे ऐट. कोणी नंबर मागितला तर पाठ नाही म्हणून बाई टाइप करू लागत. मला हळूच म्हणत, "फोन म्हणू द्यात. रोगापरीस बरं."

एकदा आजऱ्याकडचे काही भाऊबंद वाटणीच्या अर्जासाठी आमच्याभोवती उभे असताना पदराआड पंप वाजू लागला.

"बाई, फोन घ्या की," एकजण म्हणाला. बाई टाइप करत राहिल्या. पंप पुन्हा वाजला. "मालकाचा असंल. भांडान झालंय जणू." सगळे हसले.

नळी अडकली की पंप ओरडतो, आणि दुर्लक्ष केले तर काही तासांत जिवावर बेतते, हे मला बाईंनीच सांगितले होते. तरीही त्या उठेनात. मी खुणावले, तर खाली मान घालून पुटपुटल्या, "चारचौघांत न्हाई जमायचं. घरी गेल्यावर बघतो." घरी जायला संध्याकाळ होणार होती. आणि छत्री नव्हती.

मी काळा कोट काढला. हा कोट मी बारमाही घालतो तो रुबाबासाठी, असा लोकांचा समज होता आणि तो मी होऊ दिला होता. आत सदऱ्याची पाठ विरलेली होती, काखा उसवलेल्या होत्या. कोट पाठीमागे दोन्ही हातांनी पसरून मी सांदीच्या तोंडाशी उभा राहिलो. भाऊबंदांचे हसणे एकदम थांबले. हसले असते तर मला परवडले असते.

बाई आत नवी नळी बसवत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सदऱ्याचं कधी बोलला न्हाईसा."

"तुम्ही तरी पंपाचं कुठं सांगितलं कुणाला?"

"व्हय की," त्या म्हणाल्या. मग, "झालं बघा."

दुसऱ्या दिवशी बाई पंप पदराबाहेर, सर्वांना दिसेल असा लावून आल्या. विचारणाऱ्याला ठणकावून सांगू लागल्या, "साखरेच्या आजाराचा पंप हाय. उसाला पाणी पाजायचा न्हवं." सांगता सांगता त्यांची नजर माझ्याकडे वळली. भर उन्हात मी कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसलो होतो. मग त्या पुन्हा टाइप करू लागल्या. मला काहीतरी म्हणायला हवे होते.

संगणक आले, टाइपरायटर गेले, आणि बाई भावाकडे बंगळूरला राहायला गेल्या. त्या सांदीत आता झेरॉक्सवाल्याचे कागदांचे गठ्ठे आहेत. माझे सदरे आता धड आहेत, तरी कोट सुटलेला नाही. दुपारी डबा समोर ठेवून मी सांदीकडे पाठ करून थोडा थांबतो. मागून कोणी "झालं बघा" म्हटल्याखेरीज झाकण उघडायला हात होत नाही.