काटा झाकून गाडी शिकवणारी आत्या

सव्वीस वर्षं आत्या गाडी शिकवते आणि सव्वीस वर्षांत तिच्या नावावर एकही दंड नाही, हे तिने मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची खोली म्हणजे एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि चौक कसा ओलांडायचा ते दाखवायला चार खेळण्यातल्या गाड्या. टेबलामागे बसून फोन घ्यायचे आणि नावं लिहायची, हे माझं काम. आत्या खोलीत टिकतच नाही. ती गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारी, पायाखाली स्वतःचा दुसरा ब्रेक घेऊन बसलेली. सगळे तिला ब्रेकबाई म्हणतात. तिला ते आवडतं, पण कबूल करेल तर शपथ.

तिची शिकवायची एक खास पद्धत आहे. पहिल्याच दिवशी ती वेगाच्या काट्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवते. "डोळे रस्त्यावर. वेग कानाने ओळखायचा," म्हणते. इंजिन आणि टायर यांच्या आवाजावरून ती बसल्या जागी वेग सांगते. तिच्याशी पैज लावलेले सगळे हरलेत. मी दोनदा.

आणि अशा बाईच्या नावाने दंडाचं पाकीट आलं! पन्नासच्या रस्त्यावर एकाहत्तर. पाण्याच्या टाकीजवळ खांबावर जो नवा कॅमेरा बसलाय, त्याने टिपलेलं. फोटोत आमचीच गाडी, टपावर आमचाच फलक, स्टिअरिंगवर आमची विद्यार्थिनी बेकरीवाली, आणि शेजारी आत्या चक्क हसतेय. शिकाऊ गाडीचा गुन्हा शिकवणाऱ्याच्या माथी, असा नियम. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, दंड कायम झाला तर शिकवण्याचा परवाना निलंबित.

आत्याचा पारा चढला. "कॅमेऱ्याला वेड लागलंय! त्याच क्षणी मी तिला शाब्बास म्हणत होते. पन्नासच्या वर एक नाही!"

बेकरीवाली दुकान अर्धवट सोडून धावत आली. "मॅडम म्हणाल्या पन्नास, म्हणजे पन्नासच," ती म्हणाली. "मी कुठेही येऊन सांगते."

आत्याने सुनावणी मागितली. खरं सांगते, मला भलताच चेव चढला होता. कॅमेऱ्याला खोटं पाडायचं! पुरावा कसा तयार करायचा ते मीच ठरवलं. रविवारी सकाळी स्टेडियममागच्या मोकळ्या रस्त्यावर जायचं. तिथे ऐंशीपर्यंत परवानगी आहे. गाडी मी चालवायची, आत्याने डोळे मिटून वेग सांगायचा आणि मागे बसलेल्या आतोबांनी फोनवर खरा वेग बघून मोठ्याने म्हणायचं. सगळं रेकॉर्ड होणार होतं.

"तीस," आत्या म्हणाली.

"एकतीस," मागून आतोबा.

"चाळीस."

"चाळीस!"

"बघा!" मी ओरडलेच. आनंदाने माझा पाय आणखी दाबला गेला. आत्या डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होती. "सेहेचाळीस... अठ्ठेचाळीस... आता पन्नास. पक्के पन्नास."

मागे आतोबांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"अहो, बोला ना!"

"अडुसष्ट," आतोबा हळूच म्हणाले.

आम्ही पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. आत्याने आधी फोनला नावं ठेवली, मग टायरना, मग माझ्या चालवण्याला. शेवटी मी पुठ्ठा उचकटून काढला आणि परत वेग घेतला. ती "पन्नास" म्हणाली तेव्हा काटा सत्तरीला टेकलेला होता. तिने डोळे उघडून तो पाहिला. मी गाडी बाजूला घेतली.

"अगं, वेग वाढला की गाडीचा आवाज बारीक होतो, आणि बारीक आवाज तुला येत नाहीत," आतोबा म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. दारावरची बेल वाजली की मीच आधी उठतो. तू म्हणतेस, हल्ली फार चपळ झालात."

आत्याने काच खाली केली, वर केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यात ती खेकसली, "रडतेस काय? आरशात बघ, मागून ट्रक येतोय."

घरी आल्यावर मी तिला विनवलं. सुनावणीला गप्प बस, कानाचं कुणाला कळणार आहे? शिकवणं सुटलं तर ही बाई चार दिवसांत खंगेल, एवढंच मला दिसत होतं.

सुनावणीच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि आम्ही चौघं. बेकरीवाली उभीच राहिली. अधिकाऱ्यांनी कागद चाळले, चष्मा पुसला, पुन्हा चाळले. "या कॅमेऱ्याच्या तपासणीची मुदत तुमच्या फोटोच्या चार दिवस आधी संपली होती," ते म्हणाले. "दंड रद्द."

"जिंकलो!" बेकरीवालीने मला मिठीच मारली. मी तर हवेतच होते. एवढ्यात आत्या उठून उभी राहिली. मी तिची बाही ओढली. तिने ती सोडवून घेतली.

"साहेब, कॅमेरा बरोबर होता. माझा कान चुकला."

"बाई, दंड रद्द झालाय," अधिकारी म्हणाले. "घरी जा."

"उद्या हिच्यासारखी कुणी सत्तरने वळणात शिरेल आणि मी शेजारी बसून शाब्बास म्हणेन. ते लिहून घ्या."

अधिकारी बराच वेळ फॉर्ममध्ये रकाना शोधत राहिले. असं लिहायला रकानाच नव्हता. शेवटी त्यांनी समासात लिहिलं: कानाच्या डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत शिकवणं बंद. आत्याने खाली सही केली आणि मला म्हणाली, "आपल्या अकराही विद्यार्थ्यांना फोन मी करणार. कारणही मीच सांगणार." मला तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

तीन आठवड्यांनी तिच्या दोन्ही कानांत मटारएवढी यंत्रं बसली. दवाखान्यातून मी गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच चौकात वळण्यासाठी थांबले.

"हे टकटक काय वाजतंय?" तिने दचकून विचारलं. "इंजिनात काही सुटलंय का?"

"आत्या, इंडिकेटर आहे."

"इंडिकेटर?" ती पुढे झुकली, जवळजवळ डॅशबोर्डला कान लावला. मग तिने दोन्ही हातांनी माझा हात पकडला. "वर्षभर हा वाजत होता?"

"रोज."

सिग्नल हिरवा झाला. "थांब गं, वळू नकोस," ती म्हणाली. "जरा वाजू दे."