चिवडा, मेडिएशन आणि आमची टीम

स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरमध्ये केचपची छोटी पाकिटं साठत जातात ना, तसे आमच्या टीमचे किस्से साठले आहेत. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण एक दिवस ड्रॉवर बंदच होईनासा होतो! परवा टीममधल्या केलेबचा फोन आला, तासभर आम्ही नुसते हसत होतो. फोन ठेवला आणि म्हटलं, आता हे लिहूनच काढावं.

आधी माझी ओळख. मी मानसी. नागपूरला आठ वर्षं वकिली केली, मग नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत, कॅरीला आले. इथे ती आठ वर्षं कुणी धरेना, म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा लॉ स्कूल! पहिल्याच सेमिस्टरला करिअर ऑफिसातल्या पॅटीने माझा रेझ्युमे वाचला, पाच मिनिटं माझं बोलणं ऐकलं आणि गोड हसून म्हणाली, "तुमचा अ‍ॅक्सेंट बघता क्लायंटसमोर बसण्यापेक्षा डॉक्युमेंट रिव्ह्यू बरं पडेल तुम्हाला. शांत काम आहे. कुणाशी बोलावं लागत नाही."

कोर्टात बोलून बोलून घसा बसवलेली बाई मी! पार्किंगमध्ये गाडीत बसून चक्क रडले. मग डोळे पुसले, परत आत गेले आणि मेडिएशन कॉम्पिटिशनच्या यादीत नाव घातलं. म्हटलं, आता बोलूनच दाखवते.

*

मेडिएशन म्हणजे कोर्टात न जाता दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून तडजोड घडवणं. कॉम्पिटिशनमध्ये एक काल्पनिक केस देतात. कधी आपण वकील, कधी क्लायंट, कधी मेडिएटर. प्रत्येक पक्षाला आपापला एक गुप्त कागद मिळतो, तो बाकी कुणाला दाखवायचा नाही. भांडणाऱ्याला मार्क नाहीत, मिटवणाऱ्याला!

अशा या टीममध्ये आम्ही तिघं. मी, केलेब आणि रुही. पहिली मीटिंग कुठे घ्यायची यावर आम्ही पाऊण तास भांडलो. आमची कोच डॉना, रिटायर्ड फॅमिली कोर्ट जज्ज, कोपऱ्यात विणत बसली होती. सुई न थांबवता म्हणाली, "तुमच्यासाठी मेडिएटर बोलवू का?"

मीटिंग माझ्या घरी ठरली. कारण माझ्याकडे चिवडा होता.

*

केलेब चोवीस वर्षांचा, घरचा डुकरांचा फार्म. मनाने लोणी, पण आवाज असा की पलीकडच्या खोलीतले लोक येऊन विचारत, "सगळं ठीक आहे ना?" मेडिएटर म्हणून तो "इथे तुम्ही सुरक्षित आहात" असं म्हणाला की समोरचे दचकायचे!

डॉनाने सगळे उपाय केले. शेवटी मी विचारलं, "अरे, घरी तू कुणाशीच हळू बोलत नाहीस?"

तो विचारात पडला. "डुकरीण व्यायला आली की बोलतो."

"मग तसंच बोल!"

पुढच्या राउंडला तो इतका मऊ बोलला की एका पक्षाच्या क्लायंटने खुर्चीत मागे टेकून उसासा सोडला. मार्क देणारे जज्ज खूश! "इतका आश्वासक आवाज! ट्रेनिंग कुठे घेतलंस?"

"गोठ्यात, सर."

*

रुही अमेरिकेतल्याच ईडन प्रेरी गावची. आईवडील पुण्याचे, हिचा जन्म मात्र इकडचाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिच्या आईने फोनवर माझं वय विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून मी वर्गमैत्रिणीची 'मावशी' झाले.

एका राउंडला ती माझी वकील, मी तिची क्लायंट. डॉनाने बजावलं होतं, "क्लायंट वाहवत गेली तर वकिलाने तिला तोडायचं." मी वाहवत गेले. मला सवयच आहे! रुहीने तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. मी सात मिनिटं बोलले. ती पूर्ण वेळ हात जुळवून माझ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर रडकुंडीला आली. "मावशी, आय जस्ट कुडन्ट! ममाने मला मारलं असतं!"

मार्कांचा कागद आला. जज्जने लिहिलं होतं: 'क्लायंटचं इतक्या आदराने ऐकणारी वकील फार दिवसांनी पाहिली.' दहापैकी दहा!

*

सरावासाठी क्लायंट कमी पडायचे. एका शनिवारी माझ्या नवऱ्याला, सुधीरलाच बसवलं. केस साधी होती. शेजाऱ्याने कुंपण दोन फूट आत घातलंय, सुधीरची जमीन गेलीय. तास-दीड तास चालेल असं धरून डॉना नवीन लोकर घेऊन आली होती.

चौथ्या मिनिटाला सुधीर म्हणाला, "असू दे ना. राहू दे त्याचं कुंपण."

डॉनाने विणकाम खाली ठेवलं. हे तिने आयुष्यात फार वेळा केलं नसावं. "तीस वर्षांत इतका निकामी क्लायंट पाहिला नाही. या माणसाला काही म्हणजे काहीच नकोय?"

"लग्नाला सोळा वर्षं झाली, मॅडम," सुधीर म्हणाला, "सराव आहे!"

त्याला पुन्हा बोलावलं नाही. मात्र त्या दिवशी घरी जेवायला काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

*

आता आमची सगळ्यात मोठी फजिती. आमची म्हणजे माझीच.

प्राथमिक फेरी. मी बेकरीवाली क्लायंट. समोरच्या हॉटेलवाल्याने माझी बदनामी केली, गिऱ्हाइकं तुटली. माझ्या गुप्त कागदावर ठळक लिहिलेलं: 'लेखी माफी मिळणं सगळ्यात महत्त्वाचं.' आणि समोरचा मुलगा बिचारा दहाव्या मिनिटाला स्वतःहून म्हणाला, "आम्ही लेखी माफी मागायला तयार आहोत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नो नो, प्लीज, त्याची काही गरज नाही!"

आता तो पुन्हा म्हणेल याची वाट बघत मी बसले. तो "ओके" म्हणाला. त्याच्या वकिलाने माफीवर काट मारली आणि ते पुढच्या मुद्द्याकडे गेले!

तो राउंड आम्ही हरलो. एका पराभवाची सवलत होती, ती मी एकटीने संपवली. डॉना सुया रोखून म्हणाली, "जी एक गोष्ट हवी होती तीच नाकारलीस? का?"

"त्यांनी परत विचारायला हवं होतं!"

"कुणी? कशाला?"

रुहीने कपाळाला हात लावला. "डॉना, आमच्यात असंच असतं. जेवायला वाढताना पण. पहिलं 'नको' धरत नाहीत."

केलेबने वही काढली. "मॅम, किती वेळा?"

"तीनदा," मी म्हटलं. "तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर खरंच नको."

त्याने ते लिहून घेतलं. पुढच्या मीटिंगला मी चिवड्याची वाटी पुढे केली. "नो, मॅम." पुन्हा पुढे केली. "नो, मॅम." तिसऱ्यांदा केली तशी त्याने वाटी रिकामी करून विचारलं, "बरोबर जमलं ना?"

*

त्यानंतर आम्ही एकही राउंड हरलो नाही. फायनल आमच्याच लॉ स्कूलमध्ये, खच्चून भरलेल्या हॉलमध्ये. फायनलला मेडिएटर मी. वेळेचे बोर्ड दाखवायला स्वयंसेवक कोण बसलेलं असावं? पॅटी!

केस दोन बहिणींची. मोठीने आईचं डायनर, म्हणजे छोटंसं हॉटेल, एकटीने चालवलं, धाकटी शहरात निघून गेली. आता आई गेली आणि दोघी हिश्शावरून भांडताहेत. दुसऱ्या दोन कॉलेजांच्या मुली या बहिणी झाल्या होत्या आणि त्या जीव तोडून भांडल्या. तोडगा निघेना. पॅटीने 'दहा मिनिटं' असा बोर्ड वर धरला.

मोठी एकदा जाता जाता म्हणाली होती, "तिला यायचं तर यावं, एकत्र चालवू." धाकटी फटकन म्हणाली होती, "मला त्या जागेतलं काही नको." सगळे पुढे गेले होते. पण तो 'नको' माझ्या ओळखीचा होता.

मेडिएटरने कुणावर काही लादायचं नसतं, लादलं की मार्क गेले. मी मोठीला इतकंच म्हटलं, "मघाशी तुम्ही यांना काहीतरी विचारलं होतं. पुन्हा विचारावंसं वाटतं का?"

तिने विचारलं. धाकटी म्हणाली, "नको म्हटलं ना!" जज्ज लोकांनी भुवया उंचावल्या. डॉनाच्या सुया थांबल्या. पॅटीने 'पाच मिनिटं' दाखवली.

"आणखी एकदा?" मी म्हटलं.

मोठीने या वेळी वकिलाकडे पाहिलं नाही. सरळ बहिणीकडे वळली. "ये ना परत. मला एकटीला नाही जमत."

धाकटीने तिचा गुप्त कागद टेबलावर पालथा घातला आणि म्हणाली, "येते."

तो कागद नंतर जज्जने वाचून दाखवला: 'तुला परत यायचंय. पण मनापासून बोलावलं तरच कबूल कर.'

आम्ही जिंकलो! केलेबने रुहीला उचललं, रुहीने "मावशी!" म्हणून हॉल डोक्यावर घेतला, डॉनाने तो वर्षभर चाललेला स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला. एक बाही अजून व्हायची होती. माझ्या मार्कांच्या कागदावर लिहिलं होतं: 'यांना दिवसभर ऐकत राहावं.' मी ते चार वेळा वाचलं आणि पुन्हा रडले, या वेळी सगळ्यांदेखत.

तेवढ्यात गर्दीतून पॅटी आली. हातातला 'पाच मिनिटं'चा बोर्ड ठेवायचं विसरली होती. "मानसी, मी चुकले. कम्युनिटी मेडिएशन सेंटरला उन्हाळ्यासाठी एक मेडिएटर हवाय. रोज लोकांसमोर बसायचं, बोलायचं काम. मी तुमचं नाव देऊ का?"

वर्षभर याच एका वाक्यासाठी धडपडले होते मी. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"नो नो, पॅटी, कशाला उगाच तुम्हाला त्रास!"

"ओह. ओके," म्हणून ती वळली.

आणि मागून केलेबचा आवाज आला. गोठ्यातला नव्हे, फार्मवरचा. अख्खा हॉल मागे वळला.

"मॅम! अजून दोनदा विचारा!"