बाबांचा आवाज आणि सिनेमात नसलेली म्हातारी

भूत, चकवा, लागीर... यातलं मला काही म्हणजे काहीच पटत नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी ऑफिसला जाताना मेट्रोत वाचते आणि मनातल्या मनात हसते. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहायची वेळ यावी, याचाच मला आधी राग आलाय. तरी लिहिते, कारण मला मदत हवी आहे.

आम्ही मूळचे अकोल्याचे. माझी नोकरी केंद्र सरकारची, म्हणून बरीच वर्षं दिल्लीत, आणि राहायला गाझियाबादला, नवव्या मजल्यावर. नववा मजला मुद्दाम सांगतेय. मागच्या हिवाळ्यात बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरॅलिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आई नाही, मी एकुलती एक, म्हणून त्यांना इकडे घेऊन आले. काठी धरून ते चालायला लागले, पण शब्द एक नाही. ज्या माणसाच्या हाका अख्ख्या कॉलनीला ऐकू जायच्या, तो पाणी हवं असेल तर ग्लासकडे बोट दाखवायचा. मला ते बघवायचं नाही.

स्पीच थेरपीला एक मॅडम यायच्या. स्वभावाने चांगल्या, पण हिंदीवाल्या. "बोलिए अंकलजी... पा-नी." बाबा त्यांच्याकडे असे बघायचे, जणू त्याच पेशंट आहेत! मराठी बोलणारी थेरपिस्ट शोधून शोधून मी थकले. इथे एनसीआरमध्ये सगळं मिळतं, नेमकं तेवढंच मिळालं नाही.

तर तो मे महिन्यातला रविवार होता. भर दुपार, बाहेर लू, म्हणजे इकडचा भाजून काढणारा वारा, आत एसी, पडदे ओढलेले. माझा नवरा मिलिंद बेडरूममध्ये झोपलेला. आमच्या चिरंजीवांनी, ओजसने, टीव्हीवर सिनेमा लावला — जंगल, बोट, अवाढव्य साप, हिंदीत डब केलेला. अत्यंत भिकार. साप कॉम्प्युटरवर केलाय हे शेंबड्या पोरालाही कळेल. बाबा सोफ्यावर माझ्या शेजारी, ओजस दिवाणावर लोळत, आणि मी पाय खाली सोडून मोबाईलवर ऑफिसचे मेल बघत होते.

मध्येच सिनेमा एकदम शांत झाला. म्युझिक बंद, किंचाळ्या बंद. मी मान वर केली. एक म्हातारी झोपडीत बाकावर बसून तांदूळ निवडत होती. साप दारातून आत आला आणि तिच्या बाकाखालून जायला लागला. तिने नुसते पाय वर घेतले... कामवाली फरशी पुसताना आपण घेतो ना, तसे. निवडणं थांबवलं नाही. साप आपला जातोय, जातोय, संपतच नाही.

"मम्मा, देख ना, दादीने पाय वर केले! डर ही नहीं लग रहा तिला," ओजस म्हणाला.

आणि माझ्या शेजारून आवाज आला — "सुमे, पाय वर घे."

बाबांचा आवाज. बोबडा नाही, अडखळता नाही, अकोल्यातला तोच खणखणीत आवाज. लहानपणापासूनची सवय... मी काही विचार न करता पाय वर घेतले. त्याच क्षणी सोफ्याखालपर्यंत अंथरलेली आमची पानिपतची सतरंजी दाराच्या बाजूने फुगली. तो फुगवटा सावकाश माझ्या खालून सरकत बाल्कनीकडे गेला, तिकडचा पडदा तळाशी हलला, आणि सतरंजी पुन्हा सपाट.

मी किंचाळले, पण भीतीने नव्हे. मी बाबांना गदागदा हलवलं. "बाबा, तुम्ही बोललात! परत बोला!" ते शांतपणे टीव्हीकडे बघत राहिले. टीव्हीवर पुन्हा बोट, पुन्हा आरडाओरडा.

मिलिंद धावत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सतरंजीखाली एसीची हवा शिरली असेल, यार."

"आणि बाबा बोलले ते?"

"तुला भास झाला असेल. किती दमतेस तू आजकाल."

झालं! विषय संपला. थेरपीच्या मॅडम मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "कभी-कभी ऐसा होता है. वही सीन उन्हें फिर से दिखाइए."

दाखवू कुठून? तो सीन सिनेमात नाहीच. मागे नेलं, पुढे नेलं, अख्खा सिनेमा पहिल्यापासून परत बघितला. बोट बंद पडते आणि थेट हिरोची किंचाळी. मध्ये ना झोपडी, ना म्हातारी. इंग्रजीत बघितला, तमिळमध्ये बघितला, दुसऱ्या ॲपवर शोधून बघितला. असला रद्दी सिनेमा मला आता तोंडपाठ झालाय. आणि सगळ्यात जास्त संताप येतो तो ओजसचा. परवा म्हणतो, "शायद दुसऱ्या मूवीत असेल, मम्मा. मला नीट आठवत नाही." माझा एकुलता एक साक्षीदार, तोही फिरला!

ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे सतरंजीबद्दलच विचारतात. अहो, खड्ड्यात गेली ती सतरंजी! इतके महिने मिटलेलं तोंड कशाने उघडलं आणि लगेच का मिटलं, एवढंच मला कळायला हवंय. आजपर्यंत कळलेलं नाही. डॉक्टरांना नाही, मला नाही. गेल्या रविवारी तर मी बाबांवरच चिडले — "बोला ना हो! एकदा बोललात ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुमच्यापैकी कोणी कुठल्याही सिनेमात ती म्हातारी पाहिली असेल तर प्लीज कळवा. तोपर्यंत मी दर रविवारी दुपारी हाच सिनेमा लावून बाबांच्या शेजारी बसते. मिलिंद विचारतो, परत तसलं काही आलं तर?

येऊ दे की. मी पाय खालीच सोडून बसलेली असते. या वेळी एका हाकेत वर घेणार नाही. बाबांना दुसऱ्यांदा सांगावं लागेल.