निंबाला टांगलेले दरवाजे

थिनरचा वास आला की पुसदचं आमचं अंगण आठवतं, आणि स्वतःचाच राग येतो. बाबांच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे दरवाजे रंगासाठी काढून आम्ही निंबाला टांगले होते.

"शेजारची कापसाची जिनिंग चालू हाये, रुई उडून राह्यली. सोमवारी बंद राह्यते, तवा मारू," बाबा म्हणाले.

"मले उद्याच पुण्याले जा लागते!" म्हातारा उगाच अडवतोय असं वाटलं. मी रंग मारलाच. ओल्या रंगावर रुई चिकटली. बाबा चिमट्यानं एकेक तंतू काढत बसले.

निघताना त्यांनी विचारलं, "दरवाजे बसवाले दोघं लागतात. कवा येशील?"

"येतो ना!"

दोन वर्षांनी आलो, तो थेट त्यांच्या मयतीला. दरवाजे तसेच निंबाला होते, आईच्या जुन्या लुगड्यात नीट गुंडाळलेले.